नडगीचा तडा आणि थांबलेली पाळी

लांब पल्ल्याचं पळणाऱ्या मुलींच्या नडग्या दुखतात, हे मैदानावर कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. बर्फ चोळायचा, पट्टी बांधायची, दोन दिवस हळू पळायचं आणि पुन्हा सुरू. माझी डावी नडगी दुखायला लागली तेव्हा तिच्याकडेही सगळ्यांनी तसंच पाहिलं. दुखणं खरं कुठून सुरू झालं होतं हे मात्र पुण्याला जाऊन कळलं, आणि ते पायातून सुरू झालेलं नव्हतं. त्यानंतरचं वर्ष कसं गेलं, काय तपासलं, काय खाल्लं, पुन्हा पळायला कशी लागले, हे सविस्तर लिहिते आहे. आमच्या मैदानावरच्या मुली मला हेच विचारत राहतात, आणि एवढं सगळं उभ्या उभ्या सांगून होत नाही.

माझं गाव माण तालुक्यात, दहिवडीजवळ. ललिता बाबर आमच्याच तालुक्यातल्या मोहीच्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या, तेव्हा मी शाळेत होते. आप्पांनी मला पळायचे पहिले बूट त्याच वर्षी घेऊन दिले. पुढे कॉलेजसाठी साताऱ्याला आले, हॉस्टेलवर राहिले, ५००० आणि १०,००० मीटर आणि क्रॉसकंट्री पळू लागले. पहाटे अजिंक्यतारा किल्ल्याचा चढ, ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत आणि पुढे वर, संध्याकाळी मैदानावर इंटरव्हल, म्हणजे थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून पालटून पळणं, रविवारी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्यावर लांबची धाव. सातारा पळणाऱ्यांना फार देतं. हवा चांगली, चढ चांगले, सोबत पळायला माणसं.

जेवणाचं तसं नव्हतं. मेसमध्ये दोन चपात्या, पातळ आमटी, वाटीभर भाजी, मूठभर भात. पहाटे उपाशीपोटी चहा घेऊन पळायला जायचं, परत येईपर्यंत नाश्त्याची वेळ संपत आलेली असायची, आणि नऊचं लेक्चर. त्यात वजनाचं बोलणं. मैदानावर कुणी ना कुणी म्हणायचंच, ‘दोन किलो उतर, बघ कशी पळशील.’ वजन उतरलं की सुरुवातीला वेळ खरंच सुधारतो, त्यामुळे ते बोलणं खरं वाटतं. सोमवारचा उपास होता, आणि नवरात्रात नऊ दिवस. आमच्या घरात नऊही दिवस नवरात्र धरतात, मीही लहानपणापासून धरत आले. त्या नऊ दिवसांतही सराव चालूच.

पाळी आधी लांबली, मग दीड-दोन महिन्यांनी यायला लागली, मग आलीच नाही. आमच्या खोलीतल्या आणखी दोघींचंही असंच होतं. हे कुणाला काळजीचं वाटत नव्हतं. उलट, ‘जोरात सराव चालू आहे म्हणून,’ असं एकमेकींना सांगायचं, आणि स्पर्धेच्या दिवशी कपड्यांची भीती नाही, गावी गेल्यावर बाहेर बसायला नको, याचं बरंच वाटायचं. आईला कळलं तेव्हा तिने तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टरांकडे नेलं. तिथे तीन आठवड्यांच्या गोळ्या मिळाल्या. त्या संपल्यावर रक्तस्राव झाला आणि सगळे निर्धास्त झाले. पुढच्या महिन्यात पुन्हा गोळ्या, पुन्हा रक्तस्राव. असं बरेच महिने चाललं.

इतर खुणाही होत्या, पण सुट्या सुट्या दिसत होत्या. अंगात सतत थंडी. पहाटेची नाडी फार सावकाश, आणि ती तर चांगल्या धावपटूची खूण म्हणून कौतुकाची. केस गळत होते. रात्री दोन-तीनला जाग यायची आणि पोटात खड्डा पडलेला असायचा. सराव वाढूनही वेळ मात्र आहे तिथेच अडलेला. या सगळ्याचा एकमेकांशी संबंध आहे असं मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगेल असं कुणी आसपास नव्हतंही.

दिवाळीच्या सुमारास नडगी दुखू लागली. आधी फक्त पळून झाल्यावर, मग पळताना, मग पायऱ्या उतरताना, आणि शेवटी रात्री अंथरुणात पडल्यावरही. एक्स-रे काढला, त्यात काही नव्हतं. मुका मार म्हणून दुखणं थांबायच्या गोळ्या मिळाल्या. त्या घेऊन मी एक क्रॉसकंट्री स्पर्धा सुरू केली, पण संपवता आली नाही. शेवटच्या फेरीत उतारावर पाय टेकवेना.

मग आप्पा आणि आई मला पुण्याला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टर मॅडम खेळाडूंच्याच दुखापती पाहतात. त्यांनी पायाला हात लावायच्या आधी विचारलं, ‘शेवटची पाळी कधी आली?’ आप्पा तिथेच बसले होते. त्यांनी मान खाली घातली. मी म्हटलं, मागच्या महिन्यात. मॅडमनी पुन्हा विचारलं, ‘गोळी न घेता कधी आली?’ त्याचं उत्तर द्यायला मला आणि आईला बोटं मोजत मागे जावं लागलं. वर्षाच्या वर झालं होतं.

मग पाय. त्यांनी सांगितलं, ‘दुखतं ती जागा एका बोटाने दाखव.’ मला ती दाखवता आली, आतल्या कडेला, घोट्याच्या वर वीतभर अंतरावर. ही तपासणी कुणालाही करता येते, म्हणून इथे थांबून सांगते. नडगीच्या आतल्या कडेला लांबट पट्ट्यात ठणक असेल, पळायला सुरुवात केल्यावर ती थोडी कमी होत असेल, तर बहुधा हाडाच्या आवरणाची आणि स्नायूंची ओढ असते, ज्याला मैदानावर शिन स्प्लिंट म्हणतात. एका बोटाखाली मावेल इतक्या जागेत टोचल्यासारखं दुखत असेल, पळताना वाढत जात असेल, त्या पायावर एकट्याने उडी मारवत नसेल, रात्री दुखत असेल, तर हाडाला तडा जात असल्याचा संशय घ्यायचा. एक्स-रे साफ आला तरी. स्ट्रेस फ्रॅक्चर सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेमध्ये अनेकदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसतं. माझ्या एमआरआयमध्ये ते दिसलं. चार पायऱ्यांच्या मोजपट्टीवर तिसरी पायरी.

मॅडम म्हणाल्या, जागा त्यातल्या त्यात बरी आहे. नडगीच्या आतल्या-मागच्या कडेचा तडा विश्रांतीने भरतो. नडगीच्या पुढच्या बाजूचा, मांडीच्या हाडाच्या मानेचा, पावलाच्या वरच्या बाजूच्या छोट्या हाडाचा तडा जास्त धोक्याचा, तिथे हाड पूर्ण मोडू शकतं आणि शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. म्हणून जांघेत खोलवर दुखत असताना पळणारी मुलगी दिसली तर मी तिला त्याच दिवशी थांबवते. आमचे प्रशिक्षक सर रागावले तरी.

मग त्यांनी तपासण्यांची यादी काढली. पाळी थांबण्याची बाकीची कारणं आधी बाजूला काढावी लागतात: गर्भ, थायरॉइड, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक, पीसीओएस हा अंडाशयाचा विकार. त्यासाठी रक्त आणि सोनोग्राफी. शिवाय हिमोग्लोबिन, फेरिटिन, व्हिटॅमिन डी, आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा. थायरॉइड वगैरे ठीक निघालं. हिमोग्लोबिन जेमतेम, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा अवघा ११, व्हिटॅमिन डी फार कमी. डेक्सात कण्याचा झेड-स्कोर उणे १.६. आपल्या वयाच्या बाईच्या सरासरीच्या तुलनेत आपण कुठे, हे झेड-स्कोर सांगतो. सतत पायांवर भार घेणाऱ्या खेळाडूची हाडं सरासरीपेक्षा भक्कम असायला हवीत, त्यामुळे उणे १ च्या खाली गेलं तरी डॉक्टर सावध होतात. माझी हाडं बसून राहणाऱ्या मुलीपेक्षाही विरळ होती, आणि मी दिवसाला दोनदा पळत होते.

त्यानंतर मॅडमनी एक कोरा कागद घेतला आणि माझा दिवसभराचा आहार लिहायला लावला. पोळ्या किती, दूध किती, तेल किती. बेरीज साधारण १५०० किलोकॅलरी आली. माझं वजन तेव्हा ४६ किलो. त्यातली चरबी वगळली तर सुमारे ३९ किलो. सरासरी १२ किलोमीटर पळण्याला साधारण ५५० किलोकॅलरी लागतात. पंधराशेतून साडेपाचशे गेले, उरले ९५०. ते ३९ ने भागले की किलोमागे २४. हृदय, मेंदू, ऊब, पचन, हाडांची डागडुजी, पाळी, हे सगळं चालायला किलोमागे ४५ च्या आसपास उरायला हवेत. ३० च्या खाली गेलं की शरीर काटकसर सुरू करतं. ॲन लाउक्स या अमेरिकन संशोधिकेने २००० च्या सुमारास निरोगी तरुण बायकांवर हे मोजून दाखवलं. किलोमागची ऊर्जा ३० च्या खाली नेल्यावर पाळी चालवणाऱ्या संप्रेरकाचे ठोके अवघ्या पाच दिवसांत मंदावले. पाच दिवस. आमचं नवरात्र नऊ दिवसांचं असतं.

आई हे सगळं लक्ष देऊन ऐकत होती. ती म्हणाली, ‘म्हणजे दुष्काळात आपण घर चालवतो तसंच की. आधी लग्न पुढं ढकलायचं, मग घराची डागडुजी थांबवायची. चूल आणि जनावरांचा चारा तेवढा बंद करायचा नाही.’ मॅडम म्हणाल्या, अगदी हेच. मेंदूतला हायपोथॅलॅमस बघतो की घरात आवक कमी आहे, गर्भ पोसायची ही वेळ नाही, म्हणून तो पिट्यूटरी ग्रंथीला द्यायचे इशारे कमी करतो. अंडाशय थंडावतं, इस्ट्रोजेन घटतं. इस्ट्रोजेन हाड खाणाऱ्या पेशींना आवर घालत असतं. तो आवर सुटला, आणि रोजच्या पळण्याने हाडात पडणाऱ्या बारीक भेगा बुजवायला माल नाही. तडा तिथे जातो.

खेळाच्या वैद्यकात हे नवीन नाही. कमी ऊर्जा, थांबलेली पाळी आणि विरळ हाडं या तिघांचा संबंध १९९० च्या दशकातच मांडला गेला होता. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी तो विस्तारून त्याला रेड-एस, म्हणजे खेळाच्या मानाने ऊर्जा कमी पडणं, हे नाव दिलं. पाळी आणि हाडांबरोबर प्रतिकारशक्ती, हृदय, मन, पचन, सगळंच त्यात येतं, आणि पुरुष खेळाडूंनाही ते होतं, हेही तेव्हा स्पष्ट झालं. २०१९ मध्ये अमेरिकेची मेरी केन ही धावपटू जाहीरपणे बोलली. वजन उतरवण्याच्या दबावाखाली तिची पाळी तीन वर्षं बंद होती आणि पाच हाडं मोडली. हॉस्टेलच्या कॉटवर पाय उंचावून मी ते वाचलं, तेव्हा सतरा वर्षांची असल्यापासून नाव गाजलेल्या त्या मुलीची आणि साताऱ्यातल्या माझ्या खोलीची गोष्ट एकच आहे, हे पाहून मला रडू आलं.

गोळ्यांबद्दलही मॅडमनी नीट समजावलं. त्या गोळ्या थांबल्यावर होणारा रक्तस्राव ही शरीराने स्वतः आणलेली पाळी नसते. बाहेरून दिलेलं संप्रेरक काढून घेतल्यावर अस्तर गळून पडतं, एवढंच. ऊर्जेची तूट तशीच राहते, हाडांना त्याचं संरक्षण मिळत नाही, आणि पाळी चालू आहे असं वाटत राहतं. २०१७ च्या एंडोक्राइन सोसायटीच्या मार्गदर्शक सूचनांतही नुसती पाळी आणण्यासाठी किंवा हाडं सुधारण्यासाठी अशा मुलींना या गोळ्या देऊ नयेत असंच म्हटलं आहे. मात्र पीसीओएस, फार रक्तस्राव किंवा दुसऱ्या कारणांसाठी कुणाला त्या दिल्या असतील तर त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. कारण वेगळं असलं की उपचारही वेगळा असतो.

उपचार काय, तर पायाला विश्रांती आणि पोटाला जेवण. लोहाची गोळी एक दिवसाआड, लिंबूपाण्याबरोबर, चहापासून लांब. व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची मात्रा आठवड्यातून एकदा, मॅडमनी सांगितले तेवढेच आठवडे. लोहाच्या वेळेचंही एक तंत्र आहे. जोरदार व्यायामानंतर तीन ते सहा तासांत शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते लोह शोषू देत नाही, म्हणून गोळी सरावाच्या आधी किंवा लगेच नंतर. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीने सांगितलं. पळणारी मुलगी त्यात आणखी खाली जाते. घाम, पाळी, तळपायाच्या आपटण्याने फुटणाऱ्या रक्तपेशी, आणि जेवणाबरोबर चहा.

जेवणाचा हिशोब मॅडमनी कागदावर उलटा करून दाखवला. ३९ गुणिले ४५ म्हणजे १७५५, त्यात पळण्याचे ५५०, म्हणजे दिवसाला साधारण २३०० लागणार. तूट आठशेची. आठशे ऐकून मला धडकी भरली होती. आईने तिथल्या तिथे सोडवलं: म्हशीचं पेलाभर दूध, शेंगदाणा-गुळाचे दोन लाडू, एक केळं, एक जादा भाकरी. बेरीज बरोबर आली. पावडर लागली नाही, डबे लागले नाहीत.

तेव्हापासून दहिवडीहून येणाऱ्या एसटीत माझा डबा येऊ लागला. शेंगदाण्याचे लाडू, अळिवाचे लाडू, ज्वारीच्या भाकऱ्या, मटकीची उसळ, कधी हुलग्याचं घट्ट माडगं. कंडक्टरकडे डबा द्यायला पहाटे स्टँडवर जायचे ते आप्पा. पुण्याच्या त्या दिवशी मान खाली घातलेल्या आप्पांनी माझ्याशी त्या विषयावर एक शब्द कधी काढला नाही, पण फोनवर रोज एकच प्रश्न, ‘डबा मिळाला का? संपवला का?’ मेसच्या काकूंनाही मी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी पहाटे पळायला जाणाऱ्या मुलींसाठी आदल्या रात्रीच केळी आणि उकडलेली अंडी काढून ठेवायला सुरुवात केली. आजही ठेवतात.

जास्त खाणं हे कागदावर सोपं दिसतं, पण सगळ्यात जड तेच गेलं. पळणं बंद, वजन वाढतंय, कमरेला पायजमा आवळतोय, आणि भेटणारा प्रत्येक जण त्याच्याकडे बोट दाखवतोय. वर्षानुवर्षं हलकं असणं म्हणजेच चांगलं असणं असं ऐकलेल्या मुलीला पोट भरलेलं असण्याची भीती वाटते. मॅडमनी मला एका समुपदेशक ताईंकडेही पाठवलं, आणि त्या भेटींनी एमआरआयइतकंच काम केलं असं मी म्हणेन. कुणा मुलीला जेवल्यावर अपराधी वाटत असेल, ती लपून उलट्या काढत असेल, ताटातलं मोजून बाजूला सारत असेल, तर तिला नुसता आहार लिहून देऊन भागणार नाही. तिला अशी मदत हवी.

पाय आधी बरा झाला. सुरुवातीला कुबड्या आणि चालण्याचा बूट, मग दुखत नाही एवढंच चालणं. दम टिकवायला फिजिओ ताईंनी पाण्यातलं पळणं सांगितलं. हॉस्टेलजवळ तरणतलाव परवडणारा नव्हता. मामाचं शेत कराडजवळ, नदीकाठच्या पट्ट्यात, विहीर उन्हाळ्यातही भरलेली. सुट्टीत तिथे राहिले. पोहायला शिकताना पाठीला बांधतात तसा डबा बांधायचा, पाय तळाला लागू द्यायचे नाहीत, आणि अंग सरळ ठेवून पाण्यात पळायचं. पायरीवर मामेभाऊ घड्याळ घेऊन बसलेला. दोन मिनिटं जोरात, एक मिनिट हळू. हाडावर भार शून्य, आणि छाती इंटरव्हलसारखीच भरून यायची. विहिरीत एकटीने उतरू नये, हे मात्र ताईंनी बजावून सांगितलं होतं.

त्यासोबत ताकदीचे व्यायाम. मला वाटायचं पळणाऱ्याला पळणं पुरतं. ताईंनी एका पायावर टाच उचलून उभं राहायला सांगितलं, तेव्हा चांगल्या पायावरही वीस वेळा जमेना. पोटरीतला खालचा स्नायू, सोलियस, पळताना नडगीवर येणारा बराच भार पेलतो. तो थकला की भार हाडावर जातो. गुडघा वाकवून टाच उचलणं हे त्याच्यासाठी. मग स्क्वॉट, एका पायावरचं वाकणं, कमरेच्या बाजूचे स्नायू. घरी वजनं नव्हती, म्हणून दप्तरात तोलून ज्वारी भरायची आणि दर पंधरवड्याला थोडी वाढवायची. पुढे लहान लहान उड्या. हाडाला भक्कम व्हायला थोडा, तुटक, झटक्याचा भार आवडतो. सलग तासभर तेच ते आपटणं त्याला पुन्हा पुन्हा ऐकू येत नाही, मध्ये काही तासांची विश्रांती दिली की पुन्हा ऐकू येतं.

पळायला परवानगी मिळण्याआधी तीन गोष्टी हव्या होत्या: दाबून दुखत नाही, अर्धा तास भरभर चालून दुखत नाही, त्या पायावर सलग उड्या मारून दुखत नाही. मग एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं, मातीवर. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवायचे नाहीत. रात्री दुखलं तर एक पायरी मागे. पावलं थोडी आखूड आणि मिनिटाला थोडी जास्त टाकायला शिकले, त्याने प्रत्येक पावलाचा आघात कमी होतो. घाटाचे उतार सगळ्यात शेवटी आले. पावसाळ्याच्या तोंडाला मी मैदानाला सलग फेऱ्या मारत होते, आणि सगळ्यांच्या लेखी मी बरी झाले होते.

मॅडमच्या लेखी नव्हते. पाळी अजून आली नव्हती. त्यांनी स्पष्ट सांगितलं, पाळी येईपर्यंत मोठा सराव नाही, पुण्यातल्या बालेवाडीची स्पर्धा नाही. मला वाईट वाटलं, सरांना माझ्यापेक्षा जास्त. पण हाडाचा तडा बुजणं आणि तो ज्या तुटीमुळे गेला ती भरून निघणं, या दोन गोष्टी वेगवेगळ्या वेळापत्रकाने चालतात. पहिली काही महिन्यांत होते. दुसरीला कितीतरी जास्त लागू शकतात. आणि पाळी यायची वाट बघताना एक गोष्ट विसरायची नाही, की अंडं पाळीच्या आधी तयार होतं, म्हणजे पाळी आली नसतानाही गर्भ राहू शकतो. लग्न झालेल्या खेळाडूंना हे कुणी सांगत नाही.

ती गौरीपूजनाच्या दिवशी आली. घर पाहुण्यांनी भरलेलं, स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं. आमच्याकडे अशा वेळी गौरींना हात लावत नाहीत, त्यामुळे एरवी घरात कुणाच्या तरी कपाळावर आठी पडली असती. मी आईला हळूच सांगितलं. तिने हातातलं सोडून मला जवळ घेतलं आणि रडली. आजीला कळल्यावर तिने ओटीतला नारळ माझ्या हातात दिला. नैवेद्य झाल्यावर पहिलं ताट मला आलं.

पुढचं नवरात्र आलं तेव्हा मी उपासाचं काय करू म्हणून घुटमळत होते. आजी म्हणाली, ‘तुझ्या वाटचा म्या धरते. तू खा आन् पळ.’ तिने खरंच माझ्या नावाने वेगळा दिवा लावला. उपास सोडायला सांगून कुणी ऐकत नाही, हे मला मैदानावर दिसतं. श्रद्धेचा प्रश्न असतो. त्यामुळे मी मुलींना एवढंच सांगते की उपास असेल त्या दिवशी पळू नका, किंवा पळणार असाल तर आजीला, आईला विचारून तो एक वेळचा करा.

आता सकाळी मैदानावर पोलीस भरतीच्या मुली खूप असतात. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर असतं, आणि गुणांसाठी एकेक सेकंद मोलाचा. कितीतरी मुली त्याआधी कधी पळालेल्या नसतात. अकादमीत नाव घातल्यापासून दोन महिन्यांत डांबरी रस्त्यावर रोज दोन वेळा, जुन्या कॅनव्हासच्या बुटांत. हाडाला नवीन भार ओळखून बदलायला वेळ लागतो. पेशी आधी जुना भाग खाऊन काढतात, नवा त्यानंतर महिने घेऊन भरतो, आणि मधल्या काळात हाड उलट कच्चं असतं. पहिल्या-दुसऱ्या महिन्यातच नडग्या धरून बसलेल्या मुली दिसतात त्या म्हणून. त्यांना मी बोटाची खूण विचारते, आणि मग पाळीचं विचारते. दुसरा प्रश्न ऐकून त्या इकडे तिकडे बघतात. मग एक बोलते, मग दुसरी.

मैदानावर आणखीही गोष्टी आहेत ज्या दुखापतीच्या यादीत कुणी लिहीत नाही. नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा नसल्यामुळे दोन-दोन साध्या घालून, खांदे पुढे ओढून पळणाऱ्या मुली. घाटाच्या रस्त्यावर स्वच्छतागृह नाही म्हणून लांबच्या धावेला पाणीच न पिणाऱ्या मुली. पॅड बदलायला जागा नाही म्हणून त्या दिवशी सरावालाच न येणाऱ्या. बुटांवर दोन हजार खर्च करायला घर तयार होतं. ब्रासाठी पाचशे मागायला मुलगी तयार होत नाही. तिच्यासाठी कुणीतरी मोठ्या बाईने ते मागावं लागतं, आणि मी आता मागते.

आमच्या सरांनी वही बदलली. प्रत्येकीच्या सरावाच्या नोंदीत अंतर, वेळ, झोप यांच्या शेजारी एक रकाना वाढला आहे. त्यात पाळीच्या पहिल्या दिवशी लाल ठिपका. वही कॉलेजच्या क्रीडा विभागातल्या मॅडमकडे असते, त्यामुळे मुलींना संकोच होत नाही. तीन महिने ठिपका दिसला नाही की त्या मुलीचा भार कमी होतो आणि तिला डॉक्टरांकडे पाठवलं जातं. पंधरा वर्षांची होऊनही पहिली पाळी आलेली नाही अशी मुलगी असेल तर थेट पाठवतात, वाट बघत नाहीत. त्या रकान्यामुळे आतापर्यंत कुणाचा पाय वाचला हे सांगता येणार नाही, पण तडा जाण्याआधी तपासायला गेलेल्या मुली आहेत.

माझी पाळी आता नियमित येते. वजन चार किलोने वाढलं आहे आणि ५००० मीटरचा वेळ जुन्या सर्वोत्तम वेळेच्या खाली आला आहे. थंडी वाजत नाही, रात्री झोप लागते. फेरिटिन वर आलं. हाडांचं पूर्ण भरलेलं नाही. गेल्या डेक्सात झेड-स्कोर उणे १.२ होता. विशीपर्यंत जी घनता जमा व्हायची ती बहुतेक जमा झालेली असते, त्यामुळे हरवलेली सगळी परत येईल असं मॅडम म्हणत नाहीत. वर्षाने पुन्हा बघू म्हणतात. तोवर भाकरी, दूध, दप्तरातली ज्वारी आणि आठवड्यातला एक पूर्ण विश्रांतीचा दिवस चालू आहे. पुढची डेक्सा मार्चमध्ये, परीक्षा संपल्यावर.